‘आद्य समुपदेशक’ बुद्ध : एका समीकरणाची चिकित्सा

भगवान बुद्ध हे जगातील आद्य समुपदेशक होत, हे विधान अलीकडे परिसंवादांच्या बीजभाषणांत, समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांच्या पुस्तिकांत आणि वर्षावासातील प्रवचनांतही वारंवार ऐकावयास मिळते. विधानामागील भावना आदराची आहे, याविषयी शंका नाही. परंतु आदर हा पुरावा नव्हे. ज्या शास्त्याने कालामांना केवळ परंपरेने चालत आले म्हणून काही स्वीकारू नका असे बजावले, त्याच्याविषयीचे विधान तरी मूळ ग्रंथांवर घासून पाहिले पाहिजे. या समीकरणाच्या पुष्ट्यर्थ नेहमी दिली जाणारी उदाहरणे पालि साहित्यात कशी आली आहेत आणि आधुनिक मानसोपचाराच्या कोणत्या पद्धतीशी ती खरोखर जुळतात, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

समुपदेशन हा शब्द एकच असला तरी त्याखाली परस्परविरोधी मते नांदत आहेत, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे. कार्ल रॉजर्स यांनी १९४२ च्या व १९५१ च्या ग्रंथांतून सल्लार्थीकेंद्री पद्धती मांडली. तिच्यात समुपदेशक मार्ग दाखवीत नाही. तो सल्लार्थीचा निरपेक्ष स्वीकार करतो, त्याची भावना त्याच्याच बाजूने समजून घेतो आणि स्वतः निर्व्याज राहतो. असे नाते लाभले की बदलाची शक्ती सल्लार्थीच्या आतूनच प्रकट होते, अशी रॉजर्सची श्रद्धा. याउलट अल्बर्ट एलिस यांची १९५५ पासूनची विवेकनिष्ठ पद्धती वाद घालते, अविवेकी समजुतींवर आघात करते आणि घरी करावयाचा अभ्यासही नेमून देते. मराठी वाचकांना ही पद्धती कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे परिचयाची आहे. अॅरन बेक यांची बोधात्मक पद्धती स्थूलमानाने याच कुळातली. गट-उपचाराचा इतिहास आणखी निराळा. बोस्टन येथे १९०५ मध्ये जोसेफ प्रॅट या वैद्याने क्षयरोग्यांचे वर्ग भरविले, ते त्याचे एक आरंभस्थान मानले जाते. पुढे कुर्ट लेविन यांच्या प्रेरणेने १९४७ मध्ये प्रशिक्षण-गट सुरू झाले. आणि अर्विन यालोम यांच्या १९७० च्या ग्रंथाने गटात माणूस बरा का होतो याची कारणमीमांसा केली. तेव्हा बुद्ध समुपदेशक होते असे कोणी म्हटले, की पहिला प्रश्न असा उपस्थित होतो : यांपैकी कोणत्या अर्थाने?

सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उदाहरण किसा गोतमीचे. मृत बालकाला कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी माता, आणि ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आणण्यास तिला सांगणारे तथागत. ही कथा रॉजर्सच्या पद्धतीचा प्राचीन नमुना म्हणून सांगितली जाते. कारण ‘तुझा मुलगा मेला आहे’ असे बुद्ध तिला सांगत नाहीत, ते तिचे तिला उमगते. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र चुकला आहे. रॉजर्सचा समुपदेशक तिला कोठेही पाठविणार नाही. तो तिच्याजवळ बसून तिचा आक्रोश ऐकेल. येथे शास्ता तिला निश्चित कार्य नेमून देतो, आणि ते कार्य अशा रीतीने योजलेले आहे की तिची समजूत अनुभवाच्या कसोटीवर आपोआप खोटी ठरावी. आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर हा बेकच्या पद्धतीतील वर्तनप्रयोग होय. शिवाय औषध आहे असे सुचवून तिला धाडणे आजच्या व्यावसायिक नीतिसंहितेत बसेल काय, हाही प्रश्न उरतो. तो बुद्धांवर आक्षेप म्हणून मी विचारीत नाही. गुरू-शिष्य नाते आणि समुपदेशक-सल्लार्थी नाते यांचे करार भिन्न असतात, एवढेच त्यातून दिसते.

याहून महत्त्वाची गोष्ट पाठाची आहे. मोहरीचा प्रसंग खुद्द थेरीगाथेतील किसा गोतमीच्या गाथांत नाही. तो विस्ताराने येतो तो अट्ठकथांत. थेरीगाथेतील तिच्या अकरा गाथा काय सांगतात? त्यांचा आरंभ कल्याणमित्रतेच्या प्रशंसेने होतो. त्यानंतर स्त्री म्हणून जगण्याचे दुःख येते : सवतीसोबत नांदण्याचे दुःख, प्रसूतीचे दुःख, ते असह्य होऊन स्वतःचा जीव घेणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख. (या गाथांत पटाचारेच्या कथेचेही धागे मिसळले आहेत, हे अभ्यासकांना ठाऊक आहे.) अट्ठकथाही एक मार्मिक तपशील देते. गोतमी दरिद्री घरची म्हणून सासरी तिची अवहेलना होई. पुत्र झाला तेव्हा कोठे तिला मान मिळाला. म्हणजे पुत्रासोबत तिची प्रतिष्ठाही मेली होती. व्याख्यानांत मोहरी राहते आणि सवत, सासर, अवहेलना गळून पडतात. दुःखाचा सामाजिक भाग वजा केल्यावर जे उरते, तेच ‘समुपदेशन’ म्हणून सांगितले जाते. ही वजाबाकी निष्पाप नाही.

गट-उपचाराचे उदाहरण म्हणून किसा गोतमीचे घरोघर फिरणे सांगितले जाते. यालोम ज्यास सार्वत्रिकतेची जाणीव म्हणतात, म्हणजे ‘हे केवळ माझ्याच वाट्याला आलेले नाही’ हा अनुभव, तो तेथे आहे हे मान्य. परंतु त्याहून कितीतरी नेमके उदाहरण त्याच थेरीगाथेत असून त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. पती, दोन्ही बालके, आईवडील आणि भाऊ गमावून भ्रमिष्ट झालेली पटाचारा भिक्षुणी झाल्यावर पुत्रशोकाने व्याकुळ झालेल्या स्त्रिया तिच्याकडे येतात. परंपरा त्यांची संख्या पाचशे सांगते. तो जीव कोठून आला आणि कोठे गेला हे जर ठाऊक नाही, तर ‘माझा’ म्हणून का रडतेस, असा पटाचारेचा प्रश्न आहे. शब्द कठोर वाटतात. पण ते कोण उच्चारीत आहे हे पाहिले म्हणजे त्यांचा अर्थ पालटतो. तेच शब्द निपुत्रिक पंडिताने उच्चारले असते तर ते क्रौर्य ठरले असते. समदुःखी व्यक्तीने समदुःखी व्यक्तींना आधार द्यावा, हे तत्त्व आज स्वमदत गटांच्या मुळाशी मानले जाते. मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांची अमेरिकेत १९३५ मध्ये सुरू झालेली संघटना याच तत्त्वावर उभी आहे. आपल्या व्याख्यानांत मात्र बुद्धच बोलतात आणि स्त्रिया केवळ ऐकतात. थेरीगाथेत स्त्रिया स्त्रियांशी बोलत आहेत.

उपोसथ म्हणजे प्राचीन गट-उपचार, असेही एक विधान प्रचारात आहे. ते विनयाच्या वाचनावर टिकत नाही. पातिमोक्ख-पठणाच्या वेळी भिक्षूने आपल्या भावना उघड करावयाच्या नसतात. आपत्ती घडली असेल तर तिची देशना दुसऱ्या भिक्षूपाशी आधीच करावयाची असते. सभेतील मौन हे शुद्धीचे चिन्ह समजले जाते. गटोपचारात मौनाचा अर्थ बहुधा याच्या अगदी उलट लावला जातो! साम्यच शोधावयाचे असेल तर ते पवारणेत शोधावे. महावग्गातील तिची उत्पत्तिकथा उद्बोधक आहे. कोसल देशातील काही भिक्षूंनी वर्षावास सुखाने पार पडावा म्हणून परस्परांशी बोलावयाचेच नाही असा नियम केला, आणि तो मोठ्या अभिमानाने भगवंतांना सांगितला. भगवंतांनी त्यांच्या त्या सहवासाला पशूंच्या सहवासाची उपमा दिली आणि पवारणेची अनुज्ञा दिली : पाहिले, ऐकले अथवा शंका आली असेल ते अनुकंपेने मला सांगावे, अशी विनंती प्रत्येक भिक्षूने संघास करावयाची, आणि ती प्रथम ज्येष्ठाने उकिडवे बसून, हात जोडून करावयाची. संयुत्तनिकायातील वंगीस-संयुत्तात तर स्वतः भगवान संघासमोर आपल्या कायिक-वाचिक आचरणाविषयी अशी पवारणा करतात. गटप्रमुखाने स्वतःस गटाच्या परीक्षणाखाली ठेवावे, ही गोष्ट आधुनिक गटोपचारातही दुर्मीळ आहे. पण म्हणूनच येथे उपचारक नाही आणि रुग्णही नाही. आहेत ते परस्परांचे कल्याणमित्र. याला उपचार म्हटले की संस्थेचे लोकशाही स्वरूपच नजरेआड होते. संघाच्या कार्यपद्धतीत संसदीय प्रथांचे मूळ पाहणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विनयाचे जे वाचन केले, ते या दृष्टीने अधिक मूलगामी होते.

तंत्रांच्या बाबतीत साम्य सर्वांत स्पष्ट आहे, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. लंडनमध्ये कार्यरत राहिलेले श्रीलंकेचे मानसशास्त्रज्ञ पद्मल द सिल्वा यांनी १९८४ मध्ये व त्यानंतरच्या लेखांत बौद्ध ग्रंथांतील उपाय आणि वर्तनोपचारातील तंत्रे यांची तुलना केली. मज्झिमनिकायातील वितक्कसण्ठान सुत्त हा त्यातील कळीचा आधार. अकुशल विचार पुनःपुन्हा येत असल्यास काय करावे, याचे पाच उपाय तेथे क्रमाने आले आहेत. सुताराने जाड खुंटी बारीक खुंटीने ठोकून काढावी तसा कुशल विषय मनात आणावा. ते न साधल्यास त्या विचाराचे दोष पाहावेत. त्याकडे लक्षच देऊ नये. विचाराच्या घडणीचे मूळ शोधीत त्यास हळूहळू शांत करावे. आणि अखेरीस दातांवर दात आवळून, जीभ टाळूला टेकवून मनाने मनाला दाबावे. द सिल्वा यांची तुलना संयत आहे. त्यांच्या आधारे लिहिणारे मात्र पाचही उपाय एकाच पंक्तीत बसवितात, आणि तेथेच घोटाळा होतो.

पाचवा उपाय पाहा. डॅनियल वेग्नर व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्यांना तो विचार टाळता आला नाही, आणि बंदी उठल्यावर तो अधिकच उसळला. म्हणजे विचार दडपण्याचे तंत्र अनेकदा उलटते. मग सुत्त चुकले काय? सुत्तात हा उपाय पहिले चार निष्फळ ठरल्यावरचा आहे, त्याचा क्रम हाच त्याचा अर्थ आहे. आणखी एक गोष्ट अशी की, महासच्चक सुत्तात बोधिसत्त्व संबोधीपूर्वी हाच प्रयोग त्याच शब्दांत, त्याच दृष्टान्तासह करताना दिसतात. काखेतून घाम वाहतो, स्मृती ढळत नाही, पण शरीर अशांतच राहते. निकायातच या उपायाची ही दुसरी बाजू नोंदलेली असताना तो अस्वस्थ तरुणास सरसकट सुचविणे हे अर्धवट वाचनाचे लक्षण होय. शिवाय हे सुत्त कोणास उद्देशून आहे? अधिचित्ताच्या साधनेत गुंतलेल्या भिक्षूस. विचारविकृतीने ग्रासलेल्या रुग्णास नव्हे.

स्मृतीच्या साधनेवर आधारलेल्या उपचारांविषयीही हाच विवेक हवा. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स येथे सुरू केलेला कार्यक्रम आणि सेगल, विल्यम्स व टीझडेल यांनी २००२ च्या ग्रंथात मांडलेली पद्धती यांचे यश खरे आहे. परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या टीझडेल यांच्या चाचणीत नैराश्याचे झटके तीन अथवा अधिक वेळा येऊन गेलेल्यांना पुनरुद्भव टाळण्यास तिचा लाभ दिसला, दोनच झटके आलेल्यांना दिसला नाही. उपचारक स्वतः इतक्या मोजून-मापून बोलत असता, आपण मात्र ‘ध्यान करा, औषधे सोडा’ असा सल्ला देतो! विपश्यना शिबिरांच्या अर्जातही मानसिक आजाराची माहिती आवर्जून विचारली जाते, ती उगीच नव्हे.

या सल्ल्यामागे एका शब्दाची गफलत आहे. अंगुत्तरनिकायातील रोग सुत्तात कायिक व चेतसिक असे दोन रोग सांगितले आहेत, आणि क्षीणास्रव वगळता मुहूर्तभर तरी चेतसिक रोगापासून मुक्त असणारा प्राणी दुर्लभ आहे असे म्हटले आहे. येथे रोग म्हणजे क्लेश. त्या अर्थाने आपण सारेच रोगी आहोत. मनोविकार ही निराळी वस्तू असून तिच्यासाठी विनयात निराळे शब्द आहेत : उम्मत्तक, खित्तचित्त, वेदनाट्ट. या अवस्थेत घडलेली कृती आपत्ती ठरत नाही. महावग्गात गग्ग नावाच्या भिक्षूचे प्रकरण आले आहे. त्याला उपोसथाची कधी आठवण राही, कधी राहत नसे. कधी तो येई, कधी येत नसे. संघाने त्याला उम्मत्तक-संमती दिली, म्हणजे तो आला अथवा न आला तरी संघाचे कार्य अडू नये आणि त्याला दोषही लागू नये. गग्ग बरा झाल्यावर काही भिक्षू पूर्वीच्या वर्तनाबद्दल त्याला टोचू लागले. ‘मी तेव्हा वेडा होतो, मला आठवत नाही’ असे त्याने सांगूनही ते थांबेनात, तेव्हा भगवंतांनी अमूळ्ह-विनयाची तरतूद केली. आमच्या मते, मानसिक आरोग्याच्या संदर्भात विनयपिटकातील सर्वांत मोलाचे पान हेच आहे. येथे कोणी गग्गाला अनित्यतेचा उपदेश करीत नाही. त्याच्यासाठी समाजाची व्यवस्था बदलली जाते, आणि बरे झाल्यावर त्याचा भूतकाळ त्याच्याविरुद्ध वापरू दिला जात नाही. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करू नये, असे आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. तो २०१८ मध्ये अमलात आला.

दुसरी गफलत कर्माची. घरात कोणास मनोविकार झाला की पूर्वकर्माचे नाव घेतले जाते, आणि क्वचित बौद्ध घरांतही घेतले जाते. मोळियसीवक परिव्राजकाने नेमका हाच प्रश्न विचारला असता, वेदनांची पित्त, कफ, वात, त्यांचा संनिपात, ऋतुपालट, विषम आहारविहार, बाहेरून झालेला आघात आणि कर्मविपाक अशी आठ कारणे भगवंतांनी सांगितली, आणि सर्व काही पूर्वकर्मानेच होते असे म्हणणारे अनुभवाच्या व लोकमान्य सत्याच्या पलीकडे धावतात असा अभिप्राय दिला. आठांत कर्म एक. आणि ‘ओपक्कमिक’ म्हणजे दुसऱ्याच्या हल्ल्याने झालेली वेदना हे स्वतंत्र कारण!

या शेवटच्या शब्दापाशी समुपदेशन-समीकरणाची खरी परीक्षा होते. सल्लत्थ सुत्तातील दोन बाणांचा दृष्टान्त आज समुपदेशकांच्या तोंडी सर्रास आढळतो : शारीरिक वेदनेचा पहिला बाण अटळ, त्यावर विलाप करून आपण स्वतःस मारून घेतो तो दुसरा. दृष्टान्त सुंदर आहे. परंतु पहिला बाण कोणी मारला, हे विचारावयाचेच नाही काय? यावर चूळमालुंक्य सुत्तातील बाणविद्ध मनुष्याचा दाखला दिला जातो. मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र असे विचारीत बसणारा मरून जाईल. पण तो दृष्टान्त लोक शाश्वत की अशाश्वत यांसारख्या अव्याकृत प्रश्नांविषयी आहे. त्याचा आधार घेऊन अन्यायाविषयीचा प्रश्न गप्प करणे हा पाठावर अन्याय आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्त चोरीचे कारण दारिद्र्यात शोधते आणि कूटदन्त सुत्त दंडाऐवजी बी-बियाणे, भांडवल व वेतन देण्यास सांगते. तेथे पहिल्या बाणाचीच चौकशी झालेली आहे.

हा केवळ पाठचर्चेचा प्रश्न नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ मध्ये भेदभावाची नोंद केली. त्यानंतर हैदराबाद येथे २०१६ मध्ये रोहित वेमुला आणि मुंबईत २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी यांचे मृत्यू झाले. अशा प्रत्येक घटनेनंतर विद्यार्थ्यांसाठी समुपदेशक नेमा, ही मागणी सर्वप्रथम पुढे येते. समुपदेशक अवश्य असावा. पण वसतिगृहात ज्याचा अपमान होतो त्या विद्यार्थ्यास ‘दुसरा बाण’ टाळावयास शिकविणे, आणि पहिला बाण मारणाऱ्यास मोकळे सोडणे, हे जर समुपदेशन असेल तर बुद्धांना त्याचे आद्य प्रवर्तक म्हणण्यात गौरव कसला? ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी दुःखाची जी सामाजिक मांडणी केली, ती कित्येक पालि पंडितांना अपरंपरागत वाटली. सीवकाला दिलेल्या उत्तराच्या प्रकाशात ती तितकी अपरंपरागत राहत नाही.

मग निकायांत समुपदेशन नाहीच काय? आहे, पण जेथे शोधले जाते तेथे नाही. संयुत्तनिकायातील गिलान सुत्तात महानाम शाक्य विचारतो की, आजारी उपासकाला दुसऱ्या उपासकाने कसा उपदेश करावा. त्यावर जवळजवळ कार्यपद्धतीच दिली आहे. प्रथम चार आश्वासने : बुद्ध, धम्म, संघ यांवरील अढळ श्रद्धा आणि शील. मग एकेक प्रश्न : आईवडिलांची चिंता आहे काय, पत्नी-मुलांची आहे काय. असल्यास, ‘चिंता केलीस तरी मरणार, न केलीस तरी मरणार, तेव्हा ती सोड.’ पुढे देवलोक, ब्रह्मलोक ओलांडून सत्कायनिरोधापर्यंत मनाला नेले जाते. फ्रॉइडने १८९५ मध्ये उपचाराचे ध्येय विकृत यातनेचे सामान्य दुःखात रूपांतर करणे एवढेच सांगितले होते. गिलान सुत्ताचा प्रवास त्या सामान्य दुःखाच्या पलीकडचा आहे. त्यामुळे ते मरणासन्न, प्रज्ञावान उपासकासाठीच आहे. परीक्षेत नापास झालेल्या मुलाला ते लागू करता येणार नाही.

याच्या शेजारी अंगुत्तरनिकायातील नकुलमातेचा प्रसंग ठेवावा. भग्ग देशात सुंसुमारगिरी येथे नकुलपिता गंभीर आजारी आहे. त्याची पत्नी त्याला ‘सोड’ असे एकदम म्हणत नाही. तुम्ही चिंता मनात ठेवून मरू नका, असे म्हणून ती त्याच्या मनातील भये एकेक करून स्वतःच उच्चारते. माझ्या माघारी मुलांचे कसे होईल असे तुम्हांला वाटत असेल. तर मी कापूस कातण्यात आणि लोकर विंचरण्यात कुशल आहे, मी मुले पोशीन, घर चालवीन. ती दुसरे घर करील असे वाटत असेल. तर आपण दोघांनी सोळा वर्षे ब्रह्मचर्य पाळले आहे हे तुम्ही जाणता. मग दर्शनाची ओढ, शील, चित्ताची शांती, धम्मातील स्थैर्य. सूत कातण्यापासून आरंभ होतो आणि धम्म शेवटी येतो. नकुलपिता बरा होतो, काठी टेकीत भगवंतांकडे येतो, आणि अशी उपदेश करणारी पत्नी लाभली हा तुझा लाभ आहे असे भगवान त्याला सांगतात. रुग्णशुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण सांगतानाही क्रम असाच आहे : औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्र-ओकारीची किळस न येणे, आणि पाचवा, वेळोवेळी धम्मकथेने धीर देणे.

विहारांतून समुपदेशन केंद्रे काढण्याचा विचार सध्या अनेक ठिकाणी चालू आहे. तेथे शिकविण्यासाठी जी पाठ्यसामग्री जुळविली जाते, तीत मोहरी असते, दोन बाण असतात, आनापानसती असते. नकुलमाता, पटाचारेचा तो स्त्रीसमूह, सीवकाचा प्रश्न आणि गग्गाची संमती यांपैकी काहीही माझ्या पाहण्यात तरी आलेले नाही. गग्गाच्या दोन्ही प्रकरणांचे, उपोसथक्खन्धकातील आणि चूळवग्गाच्या समथक्खन्धकातील, सटीप मराठी भाषांतर जरी प्रथम केले गेले, तरी केंद्रात येणाऱ्या कुटुंबाच्या हाती ‘हे पूर्वकर्म आहे काय’ आणि ‘बरा झाल्यावर याला लोक काय म्हणतील’ या दोन प्रश्नांची उत्तरे देता येतील.